येताना कोनाचा होका?

माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर सगळ्यात वर जे नाव आहे, ते वाचून एका परीक्षकांनी विचारलं, "हे जिवला तरे कोणत्या संस्थेत असतात?" मी म्हटलं, "सर, ते बहुतेक वेळ ओसरीवर असतात." माझ्या मार्गदर्शक मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. पण मी खोटं काय सांगितलं? जिवलकाकाला गाठायचं तर त्याच्या ओसरीवरच जावं लागतं. तिथे तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालण्यात काहीतरी खोड काढत असतो.

आमचं गाव तारापूरच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. माझे बाबा खलाशी होते, काका शेजारी. मी उन्नती, काकासाठी उन्नी. सगळं गाव त्याला जिवल्या म्हणतं, फक्त मी आणि पोस्टमन सोडून. उमेदीची वीस वर्षं त्याने बोईसरच्या एका कारखान्यात दाबाचे काटे दुरुस्त करण्यात घालवली. एक दिवस काटा दोन रेघा पुढे दाखवतो म्हणून त्याने तो बाजूला काढला, तर सुपरवायझर म्हणाला, "चलता है." काका म्हणाला, "मग तूच चालव," आणि डबा उचलून घरी आला. ही गोष्ट तो अजून सांगतो आणि दर वेळी त्या सुपरवायझरला नवीन शिवी मिळते.

त्यानंतर त्याने होके तपासायचं काम धरलं. होका म्हणजे बोटीवरचं होकायंत्र. आता प्रत्येक बोटीवर जीपीएस आहे, पण बॅटरी बसते, तार कुजते, म्हणून शहाणा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, होका ठेवतोच. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा रंगकाम होतं, फळ्या बदलतात, होक्याची पेटी काढून परत बसवतात. मासेमारीची पावसाळी बंदी उठायच्या आधी तो होका बरोबर बसलाय की नाही, हे कोणीतरी पाहायला लागतं. ते काका पाहतो. त्याबद्दल कोणी त्याला पैसे देत नाही, तोही घेत नाही. हंगामाची पहिली मासळी आली की जसा बोटीचा वाटा निघतो, जाळ्याचा निघतो, तांडेलाचा निघतो, तसा एक छोटा 'होक्याचा वाटा' निघतो आणि काकाच्या दारात येतो. आमच्याकडे तोंडाने कोणी कोणाचे आभार मानत नाही. वाटा पाठवतात.

लहानपणी मी त्याचं हे काम किनाऱ्यावर उभी राहून पाहायची. किनाऱ्यावरूनच, कारण बायकापोरींनी बोटीवर चढायचं नाही हा आमच्याकडचा जुना नेम. अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते तेव्हा, बोट खाडीतल्या एका खुंटापासून निघायची आणि सरळ समुद्रात जायची. ठिपका व्हायची. मग वळून परत यायची. बरोबर खुंटाला येऊन टेकली की काका ओरडायचा, "घरी आला!" खुंटापासून लांब आली तर पेटीचे स्क्रू सैल करायचे, पुन्हा फेरी. मला ती फेरी फार आवडायची. आपण म्हणतो ते खरं की खोटं, हे समुद्राला विचारून यायचं.

पुढे मी पालघरला कॉलेजला गेले, मग मुंबईला, आणि शेवटी अशा प्रयोगशाळेत पोचले जिथे आठ अणू लेसरच्या चिमटीत धरून ओळीने उभे केलेले असतात. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आठच?" हो, आठच. ते एकमेकांवर कसा परिणाम करतील याचं एक सूत्र आम्ही कागदावर लिहितो, लेसर त्याप्रमाणे लावतो आणि अणूंना सोडून देतो. ते जसे वागतात त्यावरून गणितं सोडवता येतात, आणि अणू वाढवले की साध्या संगणकाला न झेपणारी गणितंही. अट एकच. अणू खरोखर त्या सूत्राप्रमाणे वागले पाहिजेत. आणि माझं काम होतं ते तसे वागतात का हे तपासून, सही करून सांगणं.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे अणू भारी लाजरे. मधेच डोकावून पाहिलं की त्यांची चाल मोडते. शेवटी एकदा पाहता येतं, तेही प्रत्येक अणूचं हो किंवा नाही, एवढंच. दोन वर्षं मी डोकं आपटून घेतलं. मग एक दिवस मेसमध्ये भात कालवताना मला काकाची फेरी आठवली. मधे कशाला पाहायचं? पुढे चालवायचं, मग लेसर उलटे फिरवून तेवढंच मागे चालवायचं, आणि निघालेल्या जागी परत आले का ते पाहायचं. तसा पुढे-मागे चालवण्याचा प्रकार या क्षेत्रात जुनाच आहे, पण मला तो पुस्तकातून नाही, खाडीतून सुचला, याचा केवढा अभिमान! शंभर वेळा केलं, सत्त्याण्णव वेळा अणू घरी आले. मॅडमनी पेढे मागवले. शोधनिबंध छापायला पाठवून झाला, प्रबंधाची तारीख ठरली आणि दुसऱ्या शहरातल्या एका गटाने आमच्या यंत्रावर त्यांचं दोन वर्षांचं काम चालवायचं पक्कं केलं. माझ्या सहीच्या भरवशावर.

जूनमध्ये मी घरी आले ती पालघर स्टेशनवरून मिठाईचा डबा घेऊनच. थेट काकाच्या ओसरीवर. जमनाकाकी सुके बोंबील पसरवत होती. मी काकाला सगळं सांगितलं, अणू, चिमटा, पुढे, मागे, सत्त्याण्णव. त्याने शांतपणे ऐकलं, जे त्याच्या स्वभावात नाही. डब्यातली एक बर्फी उचलली, तोंडापर्यंत नेली आणि थांबला.

"जाताना त्या यंत्राचा होका?"

"हो."

"नि येताना कोनाचा होका?"

"येताना? त्याचाच. यंत्र तेच, फक्त उलटं फिरवलेलं."

काकाने बर्फी परत डब्यात ठेवली.

"उन्ने, तुला काय वाटला, आमी त्याच होक्यावर परत येतो?"

मला खरंच तसं वाटलं होतं. किनाऱ्यावरून काय दिसतं? बोट जाते, बोट येते. आत कोण कशाकडे पाहून सुकाणू धरतंय, हे ठिपका झालेल्या बोटीत कसं दिसणार?

काका उठला आणि आतून एक लाकडी डबी घेऊन आला. डबीत त्याचा स्वतःचा होका, तळहाताएवढा. "जाताना बोटीच्या होक्यावर. समुद्रात वळला का त्याच्यावर गोणपाट टाकायचा नि येताना ह्याच्यावर. म्हंजे जाताना ज्याची परीक्षा तो, येताना ज्याच्यावर इश्वास तो. दोगांचा जमला तरच बोट खुंटाला येते."

"पण दोन्ही होके शेजारी ठेवून का नाही बघत?"

"लोहचुंबक हायत ते. शेजारी ठेवले का एकमेकाला वडतात. नि एक रेघ इकडं-तिकडं डोळ्याला दिसत नाय. अर्धा तास चाललीस का तीच रेघ खुंटापासून किती लांब येते, बघ."

मी म्हटलं, "पण त्याच होक्यावर परत आलं तर बिघडलं कुठे? चूक असेल तर कळेलच ना."

काकाने जमनाकाकीकडे पाहिलं. काकी बोंबील सोडून आत गेली. तिला ती गोष्ट माहीत होती, आणि ती पुन्हा ऐकायची नव्हती.

वीसेक वर्षांपूर्वी दादूच्या बोटीचा होका रंगकामानंतर परत बसवला होता. दादू तांडेल म्हणजे काकाचा जिवाभावाचा मित्र. पेटी चार अंशांनी तिरकी बसली होती. त्या दिवशी काकाला बोईसरला लग्नाला जायचं होतं. स्वतःचा होका घरी राहिला, आणायला कोण जाणार? म्हणून बोटीच्याच होक्यावर गेला आणि त्याच्यावरच आला. बोट खुंटाला चिकटली. काका ओरडला, "घरी आला!" आणि लग्नाला गेला.

"कशी नाय येनार घरी?" काका म्हणाला. "चार अंश तिरपा गेला, चार अंश तिरपाच आला. आपल्याच चुकीवर बसून गेला नि आपल्याच चुकीवर बसून आला."

तीन आठवड्यांनी दादू चाळीस मैलांवरून परत येत होता. भर दुपारी पावसाने असा पडदा धरला की बोटीचं नाक दिसेना. होका म्हणाला घर समोर आहे. होतं ते जवळपास तीन मैल बाजूला, आणि समोर होता खडक. बोट फुटली. पाच माणसं जाळ्याच्या तरंगत्या बोयांना धरून राहिली, केळव्याच्या एका बोटीने त्यांना उचललं. सगळी वाचली. दादूचा पाय मात्र तेव्हापासून लंगडतो. त्याने काकाला एका शब्दाने दोष दिला नाही. नवीन बोट झाली, पहिली मासळी आली, तेव्हा होक्याचा वाटा नेहमीसारखाच दारात आला.

"मी खाल्ला नाय," काका म्हणाला. "आजून नाय खात त्याच्या बोटीचा. जमना शेजारी वाटते."

मला काकाचा राग आला. कबूल करते, दया वगैरे काही आली नाही, राग आला. माझी तारीख ठरलेली, पेढे वाटून झालेले, आणि हा माणूस ओसरीवर बसून माझे अणू खोटे पाडतो! घरी जाऊन मी आईशी भांडले. काही कारण नसताना, मीठ कमी आहे म्हणून. नव्हतंच कमी.

मुंबईला परत गेले आणि कोणाला न सांगता प्रयोग नव्याने मांडला. पुढे चालवायचं ते यंत्रानेच. पण परतीची वाट यंत्राला उलटं फिरवून नाही, कागदावरच्या सूत्रावरून काढायची. आठ अणूंचं गणित अजून साध्या संगणकाला झेपतं. ती वाट छोट्या छोट्या पावलांनी चालायची, आणि प्रत्येक पाऊल दुसऱ्याच लेसरने, आधी वेगळं तपासून घेतलेलं. मांडायला अकरा दिवस लागले. शंभर वेळा केलं. घरी आले एकसष्ट.

मी पुन्हा शंभर वेळा केलं. साठ.

हे गप्प ठेवता आलं असतं, हेही लिहून ठेवते. सत्त्याण्णव खोटे नव्हतेच, मी ते खरेच मोजले होते. कोणी विचारलं नसतं. पण दुसऱ्या शहरातली ती माणसं माझ्या होक्यावर निघणार होती, आणि डोळ्यांसमोरून दादूतांडेलाचा लंगडा पाय हलेना. सकाळी मॅडमच्या खोलीत गेले आणि दोन्ही कागद पुढे ठेवले. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाल्या, "निबंध मागे घेऊ. त्या गटाला मी फोन करते. तू यंत्रातली चूक शोध."

यंत्रात सापडलं ते असं: सफाईनंतर एक आरसा परत बसवताना केसभर तिरका बसला होता. त्यामुळे अणूंची एकमेकांवरची ओढ सूत्रापेक्षा जास्त पडत होती. पुढे जाताना जास्त, मागे येताना तेवढीच जास्त, त्यामुळे जुन्या फेरीत चूक स्वतःलाच खाऊन टाकायची. आरसा सरळ केला, नव्या पद्धतीने पुन्हा तपासलं, एकाच जागेवरून नाही तर वीस वेगवेगळ्या जागांवरून निघून. पंच्याण्णव आले. आधीच्यापेक्षा दोन कमी, पण ते माझे होते. प्रबंध सात महिने लांबला. दुसऱ्या गटाच्या प्रमुखांनी फोन करून सांगितलं की आमची दोन वर्षं वाचली, आणि मी आभार घेतले, पण ते कोणाचे होते ते मला माहीत होतं.

पुढच्या जुलैत छापलेला प्रबंध घेऊन मी ओसरीवर गेले. काकाने तो हातात धरून वजन पाहिलं. "आकडे बारीक हायत," म्हणाला. मग कळलं, त्याला आकडे दिसतच नव्हते. मोतीबिंदू, महिन्याभरात एकदम वाढलेला. डहाणूला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण ती पावसाळ्यानंतरची.

"उन्ने, एक काम कर. माझा होका तपास."

आम्ही किनाऱ्यावरच्या मोठ्या खडकावर गेलो. तिथून उत्तरेला अणुवीज केंद्राची चिमणी दिसते, आणि त्या खडकावरून ती नेमकी किती अंशांवर दिसते हे काकाच्या वहीत आहे. दर वर्षी तो स्वतःचा होका त्या चिमणीवर तपासतो. त्याने होका छातीशी धरला, मी वाचायचं.

"वहीतला आकडा किती आहे?" मी विचारलं.

"तो नाय सांगनार. सांगितला तर तुझा डोळा तोच वाचंल."

मी वाचला. त्याने पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदा वाचला. मग वही माझ्या हातात दिली. तीन अंशांचा फरक होता.

या माणसाने मला वाचवलं होतं, आणि आता त्यालाच मी हे सांगायचं? पण त्यानेच तर मला हे सांगितलं होतं, बर्फी खाली ठेवून.

"काका, तीन अंश चुकलाय."

काका होका तसाच छातीशी, चिमणीकडे रोखून खडकावर खाली बसला. "या वर्साला हा न तपासताच दोन बोटी पास केल्या," एवढंच म्हणाला. "त्यातली एक दादूची."

तेवढ्यात त्याच्या छातीवरून गाणं वाजायला लागलं. जमनाकाकीचा फोन, चहा झाला म्हणून. त्याच्या मुलाने, रूपेशने, मे महिन्यात नवा मोबाइल घेऊन दिला होता आणि काका तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. त्याने फोन काढून खडकाच्या पलीकडे माझ्या पिशवीत टाकला, वैतागून. आणि मी सहज होक्याकडे पाहिलं. काटा सरकला होता. वहीतल्या आकड्यावर येऊन उभा.

"काका! होका बरोबर आहे. तुझ्या खिशात लोहचुंबक आहे, फोनमधला."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो इतका हसला की खोकला लागला. "म्हंजे होका खरा, जिवल्या खोटा!" पण हसता हसताच उठला आणि वाळूतून सरळ दादूच्या घराकडे निघाला. मी मागे. दादू जाळं शिवत होता. काकाने काहीही न सजवता सांगितलं, "दादू, तुझा होका मी चुकीचा पास केला असंल. उद्या परत फेरी." दादूने सुई जाळ्यात अडकवली आणि म्हणाला, "बरा झाला आज सांगितला. आजून बोट इथंच हाय."

दुसऱ्या दिवशी अष्टमी. समुद्राने उघडीप दिली होती. बोट खुंटाशी उभी होती आणि मी नेहमीच्या जागी, किनाऱ्यावर. काका ओरडला, "तिथं काय उभी रायलीस? चल. वाचाया डोळे पायजेत."

मी दादूतांडेलाकडे पाहिलं. बोट त्याची, नेमही त्याच्या वाडवडिलांचा. त्याने हात पुढे केला आणि मला वर ओढलं.

अर्धा तास गेलो बोटीच्या होक्यावर. किनारा पुसट झाला. मग बोट वळली, दादूने होक्यावर गोणपाट टाकलं, काकाने डबी उघडली आणि होका माझ्या हातात दिला. हा तो क्षण होता जो मला किनाऱ्यावरून कधी दिसला नव्हता. काकाचे खिसे मी आधीच तपासले होते, आणि माझेही. मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभी राहून आकडे ओरडत होते, दादू सुकाणू धरत होता. बोट खुंटापासून दोनशे हात लांब येऊन लागली.

काका काही ओरडला नाही. पेटीचे स्क्रू सैल केले, केसभर फिरवली, पुन्हा आवळले. दुसऱ्या फेरीला बोट खुंटाला टेकली. काकाने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी असेन त्या बाजूला पाहिलं. "तू ओरड," म्हणाला.

मी ओरडले. किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. मग दुसरी बोटही तशीच तपासली.

ऑगस्टमध्ये मी मुंबईला कामावर होते, तेव्हा आईचा फोन आला. "अगो, जिवल्याने पापलेट पाठवलाय. दादूच्या बोटीचा, पैल्या मासळीचा. मी म्हटला कशाला, तर म्हनतो होक्याचा वाटा हाय, अर्धा उन्नतीचा."

"आणि उरलेला अर्धा? शेजारी वाटला ना काकीने?"

"नाय गो," आई म्हणाली. "जमना सांगत व्हती, या वर्साला त्यानं खाल्ला."